तिसऱ्या पट्टीचा पत्ता

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज आपण ज्यांना निरोप देतो आहोत ते स्वातंत्र्य समितीचे चिटणीस आदरणीय मास्तर, आणि समोर बसलेल्या बंधुभगिनींनो,

मी शिंपी. भाषण हा माझा धंदा नाही. शिवणही कुणी शिकवली नाही, जुने कोट उसवून शिकलो. त्यामुळे कुठलाही कपडा मी आधी उलटा करून पाहतो.

मास्तर राजधानीला निघालेत, वाटाघाटीत आपल्या प्रांताची बाजू मांडायला. अभिमानाचीच गोष्ट. कालपर्यंत सरकार ज्यांच्या मागावर होतं, त्यांना न्यायला आज सरकारी गाडी उभी आहे. काळ बदलतो म्हणतात. पण इतका झटपट?

झेंड्यावर बंदी आली तेव्हाची युक्ती मास्तरांचीच. सुटी पट्टी म्हणजे कापड, जोडली की गुन्हा. मी तीन पट्ट्या कापल्या, मास्तरांनी तीन घरी पोचवल्या. घरच्यांनाही गुंडाळी उघडायची मनाई. कुठला रंग कुठे, हे आम्हा दोघांनाच ठाऊक.

मग एका सकाळी दोन घरांवर छापे पडले. माझ्या धाकट्या भावाच्या दारात पोलीस म्हणाले, "हिरवं कापड काढ." तो म्हणाला, हिरवं माझ्याकडे काही नाही. बिचाऱ्याला खरंच ठाऊक नव्हतं, त्याने गुंडाळी उघडलीच नव्हती. आज तो तुरुंगात आहे, आणि भावजय इथे समोर बसली आहे. तिने मला एकच विचारलं होतं, "दादा, रंग त्यांना कुणी सांगितला?"

मी कुणावर आरोप करत नाही. मी झोपेत बोलतो का, हेसुद्धा बायकोला विचारलं. ती म्हणाली, जागेपणी काय कमी बोलता?

तिसरी पट्टी मी त्याच दिवशी हलवली. पोलिसांनी ते घर नंतर धुंडाळलं, हाती काही लागलं नाही. घरच्यांनी मात्र या झडतीची माझ्याखेरीज कुठे वाच्यता केली नव्हती. परवा मास्तर कोटाचं माप द्यायला आले आणि सहज म्हणाले, "तिसरी तिथे नाही म्हणे. कुठे ठेवलीस? वाटाघाटीत दाखवायची आहे."

म्हणे? कोण म्हणे?

मी म्हटलं, निरोपाच्या दिवशी सांगतो. तर मास्तर, पट्टी सुखरूप आहे. वाटाघाटीत आधी माझ्या भावाच्या सुटकेची मागणी मांडा. तो आला की स्वतः घेऊन येईल. तोवर तिचा पत्ता मला एकट्याला ठाऊक राहील. दोघांत गुपित ठेवायची सवय मी मोडली आहे.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, ऋणी आहे. या प्रसंगाला न शोभणारं काही तोंडून गेलं असेल, तर अडाण्याचे बोल समजून मोठ्या मनाने पोटात घालावं.