धोतऱ्याचे पेढे

शिरीषचं नाव काढलंत ना, मग आता ऐकाच!

चाळीसगावला आमच्या दोघांचे दवाखाने समोरासमोर. एकदा त्याने धोतऱ्याची विषबाधा बरोबर ओळखली आणि तालुकाभर नाव झालं. माझी बायकोसुद्धा म्हणायची, "भावजींची नजर म्हणजे नजर!" तेव्हापासून त्याला ज्याच्यात-त्याच्यात धोतराच दिसायचा.

कपाशीवर फवारणीचे दिवस होते. बरळणाऱ्या एका शेतकऱ्याला त्याच्या भावाने शिरीषकडे नेलं. शिरीषने नुसतं बरळणं ऐकलं अन् म्हणाला, "धोतरा! धुळ्याला न्या."

भाऊ घाबरून रस्ता ओलांडून माझ्याकडे आला. पाहतो तर पेशंटच्या तोंडाला फेस, अंग घामाने चिंब, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. धोतऱ्यात तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात. इथे सगळं उलटं!

"फवारणीचं विष भिनलंय," मी म्हणालो आणि अ‍ॅट्रोपिन सुरू केलं. त्यावर औषध तेच. पण भरपूर द्यावं लागतं, आणि त्याचा अंमल अगदी धोतऱ्यासारखा.

संध्याकाळपर्यंत फेस थांबला, श्वास सुधारला. बाहुल्या मोठ्या झाल्या आणि पडल्या पडल्या गडी हवेतली कपाशी वेचायला लागला. औषध पुरतं चढलं म्हणून मी खूश!

भाऊ ओरडला, "देखा! त्या डाक्टरनी सांगेल व्हतं ना, धोतराच शे!"

बरा झाल्यावर पेढ्यांचा पुडा समोर गेला. शिरीषने त्यातला एक पेढा आमच्या घरी पाठवला, आणि बायकोने तो देवापुढे ठेवला हो!