खालच्या ओळीतलं नाव

आर्व्हो : बरं झालं फोन केलात, सिस्टर. पासष्ट टक्के. इथे चक्क लिहिलंय. म्हणजे पस्तीस टक्के हृदय गेलंच ना?

डोरीन : गेलं नाही, मिस्टर लाहती. डॉक्टरांच्या आधी तुम्ही रिपोर्ट कॉम्प्युटरवर उघडलात, तिथेच घोटाळा झाला. एका ठोक्याला हृदय आतलं सगळं रक्त बाहेर टाकत नाही. कुणाचंच नाही. पासष्ट म्हणजे छान.

आर्व्हो : शुक्रवारपासून मी पस्तीस टक्के मेलेला माणूस म्हणून वावरतोय!

डोरीन : अहो, मग कुणाला विचारायचं तरी.

आर्व्हो : कुणाला?

डोरीन : बरं. खरी गोष्ट त्याच्या खाली लिहिलीय. मायट्रल झडप. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये—

आर्व्हो : झडपा मला शिकवू नका. एकतीस वर्षं तांब्याच्या खाणीत पंप सांभाळलेत. पाणी वर गेलं की झडप मिटते, परत खाली येऊ देत नाही.

डोरीन : अगदी तेच. तुमची नीट मिटत नाही. एक पाकळी सैल झालीय, बरंच रक्त मागे जातंय. म्हणून जिन्यावर धाप लागते.

आर्व्हो : मग बदलून टाका.

डोरीन : कदाचित दुरुस्तही होईल. त्यासाठी गुरुवारी घशातून बारीक नळी घालून हृदय मागच्या बाजूने बघायचंय. गुंगीचं औषध देतील. घरी कोण नेणार तुम्हाला?

आर्व्हो : मुलगा.

डोरीन : द्या त्यांना फोन. नियमच आहे, मला त्यांच्याशी बोलावं लागतं.

आर्व्हो : तो सॉनात बसलाय. घाम काढत.

डोरीन : दुपारी बारा वाजता?

आर्व्हो : आम्ही फिनिश लोक, आमचं काही सांगता येत नाही.

डोरीन : थांबते मी.

आर्व्हो : सिस्टर, मला मुलगा नाही.

डोरीन : असू दे. फाइलमध्ये जवळच्या माणसाच्या रकान्यात एक नाव आहे. हेल्मी लाहती. त्यांना विचारू?

आर्व्हो : माझी बायको. चार वर्षं झाली तिला जाऊन.

डोरीन : अरेरे. माफ करा हं. काढून टाकते.

आर्व्हो : नको. दर वर्षी फॉर्मवर मीच लिहितो. तो रकाना रिकामा सोडायला हात धजत नाही. मी टॅक्सीने जाईन.

डोरीन : टॅक्सी चालत नाही. संध्याकाळपर्यंत कुणीतरी घरात सोबत हवं.

आर्व्हो : मग रद्द करा.

डोरीन : केलं समजा. मग झडप गळत राहील, हृदय ताणत जाईल, आणि पुढच्या हिवाळ्यात हे पासष्ट उरणार नाहीत. चालेल? शेजारी कुणी आहे का?

आर्व्हो : समोरचा आहे. अकरा वर्षं माझ्या दारातला बर्फ काढतोय. मी त्याच्या पायरीवर धुरी देऊन टिकवलेला मासा ठेवतो.

डोरीन : बोलता का एकमेकांशी?

आर्व्हो : बोलायचं काय त्यात? बर्फ असतो, मासा असतो. तो हात हलवतो, मी हलवतो.

डोरीन : आत्ता जा. मी फोन धरते.

आर्व्हो : असाच? हातात मासा नसताना?

डोरीन : जा म्हणते ना!

(फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज. दार उघडतं. मग बराच वेळ नुसती घड्याळाची टिकटिक.)

आर्व्हो : आहात का?

डोरीन : आहे, आहे. आधी श्वास घ्या.

आर्व्हो : येतो म्हणाला. गुरुवारी सकाळी सहाला गाडी गरम करून ठेवतो, दिवसभर थांबतो म्हणाला. कॉफी घेऊन जा म्हणत होता, पण म्हटलं, सिस्टर फोनवर ताटकळलीय.

डोरीन : बघा! उगाच घाबरत होतात.

आर्व्हो : गेल्या आठवड्यात मी पत्रपेटीपर्यंत जाताना तीनदा थांबलो, ते त्याने खिडकीतून पाहिलं होतं. काय होतंय हे विचारायचं होतं म्हणे. पण विचारायचं कसं, म्हणून राहून गेलं.

डोरीन : नाव काय लिहू त्यांचं?

आर्व्हो : त्याने माझं विचारलं, मी सांगितलं. त्याचं विचारायचं राहिलंच की!

डोरीन : मिस्टर लाहती!

आर्व्हो : थांबा, परत जाऊन येतो. आणि सिस्टर, हेल्मीचं खोडू नका हं. त्याचं तिच्या खाली लिहा.