बरणीतला मीटर

नाही हो, बिघडला कुठे — ठणठणीत आहे तुमचा मीटर, माझ्यापेक्षा बरा! रोज हवेतल्या धुळीचा आकडा दोनच दाखवतो, कधी तीन, म्हणून कंपनीनं तुम्हाला पिटाळलं होय? बसा. अहो, त्या स्टुलावर नको, पॉलिश ओलं आहे, उठाल तेव्हा पँट तिथंच राहील. मीटर कुठाय? हा काय, काचेच्या बरणीत. झाकण घट्ट. हसा, हसा! पाच महिने झाले — रोज बंद करून काढतो, पुसतो, चार्ज करतो, परत आत. तिकडं लेकीच्या मोबाइलवर आकडा हिरवागार. "बाबा, तुमच्याकडं अगदी डोंगरावरची हवा," म्हणते. मी म्हणतो, असेल बाई.

का म्हणजे? मागल्या वर्षी छातीत कळ आली, स्टेंट बसवला, आणि डॉक्टरांनी लेकीला पढवून ठेवलं — दिसतो तो भुसा नाकातच अडकतो, खरी चोर ती न दिसणारी बारीक धूळ. फुफ्फुसातून थेट रक्तात शिरते, नसा सुजवते, गुठळ्या करते, मग हृदय बसतं बोंबलत. झालं! चाळीस वर्षं लाकूड घासतोय मी, समोर दिवसभर ट्रक धूर ओकतात — आणि लेकीनं हा मीटर आणून बसवला, म्हणते, आकडा वर गेला की कारखान्याला कुलूप, तुम्ही माझ्याकडं. तिथं काय करू? सोफ्यावर बसून जावयाचं तोंड बघू? चांगला आहे हो जावई, पण किती वेळ बघायचं! म्हणून बरणी. डोकं लागतं त्याला.

खोकतंय? वरती? ती ताई. माझी थोरली बहीण. तीन आठवड्यांपूर्वी बायपास झाली तिची. परवापासून इथंच आहे — लेकीनंच आणून सोडलं. म्हणाली, आत्याला स्वच्छ हवेत ठेवा असं डॉक्टर म्हणालेत, आणि आपल्या सगळ्या घरांत तुमचाच आकडा चांगला, बाबा. मी काय बोलणार? बोललो असतो, पण मग बरणी दाखवावी लागली असती ना! म्हटलं, तिची खिडकी लावून घेऊ, घासायचं मशीन बंद ठेवू. ठेवलंही हो बंद! म्हणजे... सकाळी थोडं चालवलं. एक दार द्यायचं होतं. अर्धा तास. तास असेल.

तुम्ही असं करा ना, मीटर बिघडला होता असं लिहा. तुमचं काय जातंय? लेक आपणहून ताईला घेऊन जाईल, माझंही झाकलेलं राहील — अहो, मीटर बरणीतून काढून कुठं निघालात? जिना चढू नका, आत्ताच डोळा लागलाय तिचा. अहो!

किती? हळू बोला. दोनशे चाळीस? तिच्या उशाशी?

मघाशी चहा दिला ना तिला, तेव्हा म्हणाली, "दम लागतोय रे जरा, पण तुझ्याकडची हवा चांगली म्हणून निभावतंय." आणि मी हसलो. लाज नाही वाटली मला, हसलो चक्क.

नाही, बिघडला लिहू नका. चांगला आहे लिहा. लेकीला फोन मीच करतो, काय शिव्या द्यायच्या त्या देऊ दे. आणि तुम्ही निघा आता, उचला ती पिशवी. ताईला खाली आणायचंय, गाडी बोलवायचीय, आणि ती "का रे?" म्हणून विचारणार — ते तुमच्यासमोर नको.