छोटा खटका वर

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष माननीय वकीलसाहेब, व्यासपीठावरच्या आपल्या खजिनदारबाई, रस्त्यापलीकडच्या प्रार्थनाघरातून आलेली पाहुणेमंडळी, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते आपले प्रवचनकार, म्हणजे आपले दादा, आणि समोर बसलेल्या बाया-बापड्यांनो, सगळ्यांना माझा नमस्कार. दाराशी खांबाला टेकून शिंपीकाकांची लेक उभी आहे. तिलाही नमस्कार. बाई, आत खुर्च्या आहेत. बसायचं नसेल तर राहू दे.

वकीलसाहेब मला म्हणाले, मावशी, तुम्ही एकोणीस वर्षं इथं झाडलोट करताय, दादांबद्दल दोन गोड शब्द बोला. पाच मिनिटं. मी म्हटलं, मला भाषण येत नाही. तर म्हणाले, मनातलं बोला. असं म्हणणाऱ्या माणसाला मनातलं खरंच ऐकायचं असतं का, हे मला कधी कळलेलं नाही. माझी शाळा तिसरीत सुटली. म्हणून भाचीकडून लिहून घेतलं, मी सांगितलं तसं. तिनं मध्ये दोन-चार मोठे शब्द घातलेत, ते मी गाळून वाचते.

दादा आठ वर्षांपूर्वी आले. पहिल्याच प्रवचनात स्वर्गाचं नाव नाही, गटाराचं बोलले. म्हणाले, ही पृथ्वी म्हणजे भाड्याची खोली आहे, घेतली तशी परत करावी. मागच्या रांगेतून शिंपीकाका ओरडले, "दादा, मग आमची अनामत तर गेलीच!" सगळे हसले. दादाही हसले. मी नाही हसले, कारण काकांनी चपला घालून पाय सतरंजीवर ठेवले होते आणि ती मी सकाळीच झटकली होती.

मग दादांनी एकेक सुरू केलं. हातपाय धुतलेलं पाणी नालीत जायचं, ते मागच्या झाडांना वळवलं. प्रार्थनेनंतर कागदी पेले बंद, ज्यानं त्यानं आपला पेला घरून आणायचा. मला बरं वाटलं, माझा कचरा कमी झाला. आणि तीन वर्षांपूर्वी विसाव्याचा दिवस आला. आठवड्यातून एक दिवस, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत प्रार्थनाघरात वीज नाही. दिवा नाही, पंखा नाही, कर्णा नाही. दादा म्हणाले, हवा बिघडली, पाऊस बिघडला, त्यात आपल्या वाटणीचं बिघडवणं आठवड्यात एक दिवस तरी थांबवू. उकाड्यानं लोकांचा जीव जायचा. कुरकुर झाली. पण धरलं सगळ्यांनी.

मीटरच्या खोलीची चावी एकच, आणि ती माझ्या कमरेला. आत दोन खटके, वर केला की चालू, खाली पाडला की बंद. मोठा खटका सगळ्या प्रार्थनाघराचा. छोटा खटका मागच्या पंपाचा. तो पंप आपला असला तरी काम गल्लीचं करतो. गल्लीत पाणी चढलं की आपोआप सुरू होतो आणि पाणी मोठ्या नाल्यात फेकतो. आपली गल्ली बशीसारखी खोल आहे, आणि तिच्या तळाशी तळघरात शिंपीकाकांचं दुकान.

विसाव्याच्या पहिल्याच दिवशी दादांनी मला त्या खोलीत नेलं. हाताला धरून दाखवलं. "मावशी, मोठा खाली. छोटा वर. पंपाला विसावा नाही, तो माणसांसाठी आहे." मी म्हटलं, "दादा, मी अडाणी असले तरी बहिरी नाही." एवढं स्पष्ट सांगितलं होतं. दोन वर्षं मी तसंच केलं.

दादा, हात वर करू नका. मला बसायला सांगू नका. माझी पाच मिनिटं आहेत.

आता पलीकडच्या पाहुण्यांचा विषय. तुम्ही आमचं बघून विसाव्याचा दिवस सुरू केलात, चांगलं केलंत. देव वेगळा असला तरी हवा एकच. मग दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनी ठरवलं, ज्यांचं मीटर त्या दिवशी कमी फिरेल त्यांच्या दारावर वर्षभर हिरवी पाटी. हेतू चांगलाच होता. पण पलीकडे झाडायला माझी मैत्रीण आहे, तिला आम्ही भोंगा म्हणतो. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहून ओरडायची, "अगं, आमच्या मीटरची चक्री मेली, पार मेली! तुमची अजून रांगतेय का गं?"

आमची रांगत होती. पंप बंद असला तरी त्याच्या पेटीत लाल दिवा असतो, हरभऱ्याएवढा. त्यानं चक्री मुंगीच्या पावलानं सरकायची. खजिनदारबाईंनी एकदा आकडा बघितला आणि म्हणाल्या, "मावशी, आपला विसावा अर्धाच दिसतोय." बाई, खाली बघू नका. तुम्ही एवढंच म्हणालात. खटका पाडा असं म्हणाला नाहीत.

मी पाडला.

कुणाला विचारलं नाही. दादांनाही नाही. तुम्हा लोकांना पोथ्या वाचता येतात, अर्थ लावता येतो, चर्चा करता येते. मला एक नेम धरता येत होता. म्हटलं, धरायचा तर पुरा धरायचा. दादांपेक्षा पुरा. मोठा खाली, छोटाही खाली. चक्री थांबली. मी तिच्यासमोर स्टूल टाकून बसले होते, खोटं कशाला सांगू. ती थांबलेली बघून मला प्रार्थनेत वाटत नाही इतकं शांत वाटलं. नऊ आठवडे मी तसं केलं. संध्याकाळी वर करायची, कुणाला पत्ता नाही. हिरवी पाटी आपल्या दारावर लागली. तुम्ही टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या.

दहाव्या आठवड्यात सकाळी आभाळ स्वच्छ होतं. खटके पाडले, कुलूप लावलं, चावी कमरेला खोचून बहिणीकडे गेले, गावाच्या दुसऱ्या टोकाला. अकराला पाऊस आला. तासाभरात एवढा की समोरची भिंत दिसेना. पावसाचे दिवस नव्हते, पण आता पावसाला दिवस राहिलेत कुठे? हेच तर दादा सांगत होते. मी तिथून निघाले. धावत, मग चालत, मग पाण्यातून. चावी मुठीत धरली होती, तिचे दात तळहातात रुतले होते, ते घरी गेल्यावर कळलं.

दादा मीटरच्या खोलीच्या पायऱ्यांवर होते. कुलपावर दगड घालत होते. कुलूप चांगलं होतं, मीच आणलेलं. मी उघडलं. दादांनी आत बघितलं. छोटा खटका खाली. त्यांनी तो वर केला. मागे पंपाचा आवाज सुरू झाला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

पाणी उतरायला चार वाजले. काका तळघरातच होते. गठ्ठे माळ्यावर चढवत बसले होते म्हणे. लोकांचे कपडे भिजू नयेत म्हणून.

पुढचं तुम्हाला माहीत आहे असं तुम्हाला वाटतं. समितीनं विचारलं, पंप का बंद होता? दादा म्हणाले, "विसाव्याचा दिवस मी सुरू केला. जबाबदारी माझी." शब्दानं खोटं बोलले नाहीत. तुम्ही समजायचं ते समजलात. मी तिथंच मागे उभी होते, हातात झाडू. शिंपीकाकांची लेक ह्याच दारातून ओरडली होती, "तुमच्या देवाला अंधार हवा होता, घ्या आता." ते दादांना ओरडली. दादांनी मान खाली घातली. मी झाडत राहिले.

आठवडाभरानं मी त्यांना गाठलं. म्हटलं, मी सांगते सगळ्यांना. तर म्हणाले, "मावशी, मला कुठंही जाता येईल. तुम्हाला ह्याच गल्लीतून रोज जायचंय." मला ते पटलं. म्हणजे सोयीचं होतं, म्हणून पटलं. आठ महिने झाले. रोज सकाळी त्या तळघरावरून येते. बंद दार आहे, त्याच्यावर पाण्याची रेघ आहे. रडू येत नाही. काहीच येत नाही. हात झाडतात, पाय चालतात. भाचीनं इथं 'पश्चात्ताप' असं लिहिलंय. असेल. मला तो जाणवत नाही, खोटं नाही बोलणार. दात काढताना सुई देतात आणि अर्धं तोंड आपलं राहत नाही, तसं आहे.

पण निमंत्रणपत्रिकेवर छापलंय, दादा 'प्रकृतीच्या कारणास्तव' जात आहेत. त्यांच्या प्रकृतीला काय झालंय? माझ्यापेक्षा जास्त जिने चढतात. तुम्हाला त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही, म्हणून ते जात आहेत. आणि विसाव्याचा दिवस तर तुम्ही ठराव करून बंदच केला. परवा मी मोजले, भर दुपारी रिकाम्या खोलीत चौदा दिवे चालू होते. झाडांचं पाणी परत नालीत जातंय. त्या दिवसाची चूक नव्हती हो. दादांची नव्हती. ज्या पावसानं काका गेले, त्याच पावसासाठी दादा हे सगळं करत होते. मध्ये मी आले, हरभऱ्याएवढा दिवा विझवायला.

दादा, तुम्हाला विचारून बोलले नाही. तुम्ही नको म्हणाला असतात आणि मी परत ऐकलं असतं.

आता आभार. अध्यक्षांचे, त्यांनी मला अजून थांबवलं नाही म्हणून. खजिनदारबाईंचे. पाहुण्यांचे. ती हिरवी पाटी मी आज सकाळी काढून ठेवली आहे, जाताना घेऊन जा किंवा टाकून द्या. भोंगाला सांगा, तिची काही चूक नाही.

आणि शेवटी, बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पदरात घ्या, असं म्हणायची रीत आहे. सभेनं ते घ्यावं, आणि नाही घेतलं तरी माझी तक्रार नाही. माझं खरं कमी-जास्त खांबापाशी उभं आहे. बाई, तू ते पदरात घ्यावंस असं मी म्हणणार नाही, मी घेतलं नसतं. तुला एवढंच कळायला हवं होतं की तू चुकीच्या माणसावर ओरडलीस. मी इथं आहे. उद्याही असेन, तुम्ही ठेवलंत तर.

ही चावी मी टेबलावर ठेवते. कमरेला तिचा वळ पडलाय, तो जाईल. जो कुणी ती घेईल, त्यानं दादांनी सांगितलेलं लक्षात ठेवावं. विसाव्याच्या दिवशी, परत सुरू केलात तर, मोठा खटका खाली.

छोटा वर.