तिसऱ्या गाण्यातली बाई

…हो हो, लागेल तुमच्या करवतीला धार, दाते बोथट झालेत एवढंच — पण ती काखेतली रेकॉर्ड दाखवा बघू जरा. निवडक गाणी! काढली म्हणजे शेवटी यांनी. बसा ना. त्या स्टुलाचा एक पाय डगमगतो, सांभाळून. — यांच्या बँडमध्ये होतो मी, माहितीये? हसू नका! कव्हरवरच्या फोटोत चौघंच आहेत, कारण फोटोच्या दिवशी माझं दुकान उघडं होतं. रॉकवाले, पण एकेक गाणं वीस-वीस मिनिटं, ताल मधेच बदलायचा, ऐकणारे कपाळाला हात लावायचे. आणि वाद्यं तरी कसली — ड्रमवाला शिलाई मशीन चालवायचा, एकजण बाटल्या फुंकायचा, आणि मी? मी करवत. मूठ गुडघ्यांत धरायची, पातं वाकवायचं, दाते नसलेल्या कडेवरून व्हायोलिनचा गज फिरवायचा — थेट बाईचा गळा! आणि इथे छापलंय काय? तिसरं गाणं, ‘स्त्री-आवाज: अज्ञात’. गाणी निवडणाऱ्यांनी ऐकलं आणि दिलं ठोकून. छापायच्या आधीच कानावर आलं होतं, तेव्हा गिटारवाल्याला फोन केला, तर म्हणतो, राहू दे रे, लोकांना गूढ आवडतं. मीही हसलो. काय करणार? आमची ही असती तर अख्ख्या गल्लीला बोलावून ऐकवलं असतं तिने — हे आमचे हे! ती गेली, आणि हे माहीत असलेलं घरात कोणी उरलंच नाही. फार वाईट वाटतं हो. म्हणून तुम्हाला सांगतोय. एका माणसाला तरी कळावं, बास.

— का हो, चेहरा का पडला असा? … त्या एका गाण्यासाठीच घेतलीत? … घरी कोणी नाही का? … बरं. म्हणजे जेवायला बसलात की ती बाई सोबतीला — हं. हं.

अहो, थट्टा केली मी! करवत कुठे गाते होय? दिवसभर एकट्याने बसून तोंड आंबतं, मग कोणी आलं की मारतो थापा, मनावर घेऊ नका. बाईच होती ती. पाहिलीय ना मी! कशी म्हणजे — उंच, जराशी सावळी, गाताना डोळे मिटून घ्यायची. नाव काही सांगितलं नाही तिने कुणाला. हसायची मात्र फार गोड. … नाही, पुढे कुठे गेली ते नाही माहीत. आता जा तुम्ही. करवत उद्या न्या. नाही, आज नाही होणार. आणि दार ओढून घ्या.