हजार सारसांच्या माना

जपानमधल्या ओनोमिची गावच्या पोस्टात माझ्यापुढे रांगेत दोन म्हाताऱ्या होत्या. एकीच्या हातात कागदी सारसांच्या माळांचं खोकं होतं; आजारी माणूस बरं व्हावं म्हणून इथे असे हजार सारस करून पाठवतात.

"किनुए, हे काय! आजाऱ्याला मान टाकलेले सारस पाठवतेस?"

"दुमडल्याशिवाय चोच कशी होणार?"

"आजाऱ्याच्या सारसाची मान सरळच ठेवतात, बये! शुक्रवारी हात्सुएचं ऑपरेशन आहे. घरी चल, सगळ्या सरळ करू."

"हजार? आज टाकलं नाही तर साप्पोरोला वेळेत पोचणार नाही."

"मग?"

"पेन दे. 'हात्सुए, ऑपरेशन झालं की या माना तूच सरळ कर. नुसती लोळत पडू नकोस.'"

"आजाऱ्याला असं लिहितात का गं?"

"साठ वर्षं असंच बोलतेय तिच्याशी. आज गोड लिहिलं तर तिला वाटेल, आता आपलं काही खरं नाही."