डबीतली भाकर

ऑप्टाटा : दार सताड उघडं टाकून काय बसलीस? लाव आधी. कडी घाल.

बारिका : घातली, मावशी. कुणी मागे आलं का तुमच्या?

ऑप्टाटा : मासे खारवतात त्या हौदांपर्यंत कुणीतरी होतं. का मला नुसतं वाटलं, कोण जाणे. हल्ली स्वतःची सावली पुढे आली तरी दचकते मी. पाणी दे. पोर कुठाय?

बारिका : आत झोपलीय. सासूबाई भेटल्या?

ऑप्टाटा : भेटतात कुठल्या? तुरुंगाच्या बाजूच्या भिंतीला ती वीतभर खिडकी आहे ना, तिथं घोडे बांधतात. शेण गोळा करायचं सोंग घेऊन वाकून बसले. रोगाता आतून बोलली. आवाज म्हणजे... जाऊ दे.

बारिका : जाऊ दे नको. सांगा.

ऑप्टाटा : ताप आहे. खोकते. उद्या उजाडलं की गलबतावर चढवणार तिला. कार्थेजला, सुभेदारापुढे. तिकडून परत आलेलं मी तरी कुणी पाहिलं नाही.

बारिका : माझ्यामुळे झालं हे.

ऑप्टाटा : तुझ्यामुळे कशाला? तू तुझं उरकून मोकळी झालीस. ती तिच्या पायांनी गेली. रडू नकोस आता, पोर उठेल. ऐक मी काय सांगते ते. तिनं भाकर मागितलीय.

बारिका : आत्ता थापते. जवाचं पीठ आहे घरात.

ऑप्टाटा : ती नव्हे गं. डबीतली.

बारिका : डबीतली?

ऑप्टाटा : आपल्या ख्रिस्ती मंडळीचे धर्मगुरू लपायला गेले त्याच्या आधी त्यांनी प्रभूची भाकर वाटली होती ना सगळ्यांना, घरी ठेवायला? त्यातला एक तुकडा अजून आहे म्हणाली. आहे ना?

बारिका : असेल. मी त्या कोनाड्याकडे बघतसुद्धा नाही, मावशी. दिवा लावते तोही तोंड फिरवून. आधी रोज सकाळी सासूबाई ती डबी उघडायच्या. चूल पेटायच्या आधी, पाण्याचा घोटसुद्धा घ्यायच्या आधी. एक कण त्यांना, एक कण मला. तिच्याआधी पोटात काही जाता कामा नये, म्हणायच्या. आता मला ती वर्ज्य झालीय; सकाळ झाली की धडकीच भरते.

ऑप्टाटा : मग आज एकदाची बाहेर काढ. न्यायची आहे.

बारिका : तुम्ही काढा. तुम्हीच न्या. तुमचे हात चांगले आहेत.

ऑप्टाटा : मी नाही. तू न्यायचीस.

बारिका : मी?

ऑप्टाटा : तिनं नाव घेऊन सांगितलं. ‘बारिकाच्या हातून पाठव.’ मी म्हटलं, रोगाता, तापात बरळू नकोस, बारिकाला दारातसुद्धा उभं करत नाहीत आपले लोक. तर पुन्हा तेच. ‘बारिकाच्याच हातून.’ त्या ‘च’वर असा जोर दिला की तिला खोकल्याची उबळच आली.

बारिका : मी नाही नेणार.

ऑप्टाटा : नाही नेणार म्हणजे?

बारिका : मला भीती वाटते.

ऑप्टाटा : पहारेकऱ्यांची? अगं, तुलाच तर भ्यायचं कारण नाही. दारात सम्राटाचा पुतळा देव म्हणून मांडलाय आणि पुढे निखारे. अनोळखी बाई दिसली की म्हणतात, टाक चिमूटभर धूप, मगच पुढे जा. मी गेले तर मला टाकायला लावतील. तुला कोण लावणार? तुझं तर झालंय. साऱ्या बंदरानं पाहिलंय.

बारिका : म्हणजे मी घाण झाले म्हणूनच कामाची.

ऑप्टाटा : हो. वाईट वाटून घेऊ नकोस, पण हो.

बारिका : मला पहारेकऱ्यांची भीती नाही वाटत, मावशी. डबीची वाटते.

ऑप्टाटा : डबीची कसली भीती?

बारिका : तुम्हीच नाही का सांगितलंत, दोरखंडवाल्याच्या बायकोचं? देवळात जाऊन त्यांच्या मूर्तीपुढच्या बळीचं मांस खाल्लं, घरी आली, गुपचूप डबी उघडून तुकडा तोंडात टाकला. आणि जीभ सुजून टाळूला चिकटली तिची. बोलता येईना, पाणी जाईना.

ऑप्टाटा : लोक म्हणाले ते मी सांगितलं. मी काय तिच्या तोंडात डोकावायला गेले नव्हते.

बारिका : तेव्हा तर म्हणालात, प्रत्यक्ष पाहिलेल्या बाईनं सांगितलं.

ऑप्टाटा : भीती बसावी म्हणून म्हटलं असेल. बसायलाच हवी होती भीती. सम्राटाचा हुकूम आला त्या आठवड्यात अर्धी मंडळी रांगेत उभी होती धूप टाकायला, खजूर वाटत असल्यासारखी.

बारिका : मी सगळ्यांत पुढे होते.

ऑप्टाटा : माहीत आहे.

बारिका : तुम्हाला काय माहीत आहे? तुम्ही मळ्यात होतात. सगळे माझ्या वतीनं कारणं सांगतात. नवरा गलबतावर, कडेवर पोर, बिचारी एकटी, काय करणार. कुणी मला मारलं नाही, मावशी. कुणी डोळेसुद्धा वटारले नाहीत. देवळातल्या त्या कारकुनानं नुसतं माझं नाव पुकारलं आणि मी पुढे झाले. धूप टाकला. मांसाचा तुकडा दिला तो खाल्ला. गरम होता, मीठ बरोबर होतं. तेही आठवतं मला. आणि मागे सासूबाई उभ्या होत्या.

ऑप्टाटा : पुरे.

बारिका : मग त्यांचं नाव आलं. त्या नाही म्हणाल्या. एवढ्या हळू म्हणाल्या की त्याला पुन्हा विचारावं लागलं. नेताना माझ्या जवळून नेलं. मला वाटलं, आता थुंकतील तरी माझ्यावर. तर म्हणाल्या, कोंबड्यांना पाणी ठेव.

ऑप्टाटा : ठेवतेस ना?

बारिका : ठेवते. दुसरं काय ठेवलंय माझ्या हातात?

ऑप्टाटा : इकडे ये. बस इथं. मी कडक बोलते, माझी जीभच तशी. पण एक सांगते, कुणाला बोलू नकोस. मी मळ्यात होते म्हणून वाचले. रांगेत असते तर माझा हात कुठं गेला असता, देव जाणे. रोगातानं मला त्या दाराशी बोलावलं असतं ना, तर मी काहीतरी सबब काढली असती.

बारिका : तुम्ही?

ऑप्टाटा : मी. मंडळीतली मोठी विधवा. आता उघड ती डबी.

बारिका : तुम्ही उघडा. मी तिकडे तोंड करून उभी राहते.

ऑप्टाटा : बरं बाई. हे बघ, उघडली. जाळ नाही, धूर नाही. अंगठ्याएवढा तुकडा आहे, वाळलेला. स्वच्छ फडकं दे. बांधते मी, तुझं बोटसुद्धा लागणार नाही. गाठ धरायची, न्यायची, तिच्या हातात द्यायची, परत यायचं. तोंडात घाल असं कुणी सांगितलंय तुला?

बारिका : आणि वाटेत पडली तर?

ऑप्टाटा : छातीशी धर. पडत नाही. थांब, एक विसरलेच. काही खाल्लंस का सकाळपासून?

बारिका : पोरीला पेज घातली. मी नाही खाल्ली. आत्ता खाते थोडी, नाहीतर वाटेत चक्कर यायची.

ऑप्टाटा : खाऊ नकोस. तेही सांगितलंय तिनं. ‘तिला म्हणावं, उपाशी ये.’

बारिका : उपाशी? का?

ऑप्टाटा : मी विचारायला गेले तेवढ्यात घोड्यांचा माणूस आला. पळाले.

बारिका : शिक्षा असेल. त्या मांसाची.

ऑप्टाटा : असेल. रोगाता तशी विसरणाऱ्यांतली नाही.

बारिका : मग बरोबर आहे. जाते मी. पोर उठली तर तिला सांगा, आई कोंबड्यांसाठी दाणे आणायला गेलीय.

(तुरुंगाचा दरवाजा. भर दुपार. सम्राटाच्या पुतळ्यापुढे निखारे धुमसताहेत. बाजूला भाला टेकवून पहारेकरी गेतूल बसला आहे.)

गेतूल : थांब. कुनाकडं?

बारिका : रोगाता. म्हातारी आहे, खोकते ती. मी तिची सून.

गेतूल : वर बघ की. आगं, तू ती न्हवं का? देवळात समद्यांच्या आदी धूप टाकलास ती? मी तितंच हुतो पहाऱ्याला.

बारिका : हो. मीच ती.

गेतूल : मंग निखाऱ्याकडं काय बघतीस? तुला नाय लागत ते. तुझं काम झालंय. म्हातारी मातुर खट हाय हां तुझी. चिमूटभर धूप, त्यो बी सरकारचा. टाकला असता तर आज घरी कोंबड्या राखत बसली असती. फडक्यात काय हाय?

बारिका : भाकर.

गेतूल : सोड गाठ. ही? येवढीशी? आजारी मानसाला कुनी असलं आनतं व्हय? लाकूड झालंय ह्याचं.

बारिका : त्यांना हीच हवी आहे.

गेतूल : बरं. मोड आन् खा.

बारिका : काय?

गेतूल : खा म्हनलं. आर्दी तू, आर्दी तिला. आत जातंय ते आननाऱ्यानं आदी खायाचं. मागं एका भावानं बहिनीला अंजिरात कायतरी घालून दिलं, तिचे हाल होऊ न्हयेत म्हनून. ती सुटली. आमच्या जोडीदाराच्या पाठीची सालटी निगाली. तवापास्नं असंच.

बारिका : मला नाही खाता येणार.

गेतूल : का?

बारिका : मला चालत नाही.

गेतूल : तुला चालत नाय आन् सासूला चालतंय? काय घातलंयस त्यात? खरं बोल.

बारिका : काही नाही. देवाशपथ काही नाही. मला दुसरं काहीही द्या, मी खाते. ती जमिनीवरची माती देता? खाते. हे नको.

गेतूल : आता तर मला सौंशयच यायला लागला. त्यो कुत्रा बगितलास? त्याला घालतो. बघू मरतंय का.

बारिका : नको. कुत्र्याला नको. पाया पडते तुमच्या.

गेतूल : मंग खा, न्हायतर घिऊन जा घरी. सकाळी गलबत सुटलं की ही वाट बंद. मला काय, मी बसलोय तितली सावली सरकत चाललीया.

बारिका : तुम्ही हे सगळ्यांना करायला लावता?

गेतूल : समद्यांना. तुझ्या सासूलाच इचार, तिची कोठडी ह्या दाराला लागूनच हाय. हितलं समदं आयकू जातं. काल शेजारच्या कोठडीतल्या बाईची भावजय आली हुती, अंडी घिऊन. मी म्हनलं, खा. तिनं खाल्लं. तर तुझी म्हातारी आतनं इचारती मला, समद्यांनाच खायाला लावतोस का रं बाबा?

बारिका : असं विचारलं त्यांनी?

गेतूल : हां. वर म्हनती, माझी सून आली तर तिला बी? मी म्हनलं, सून असू दे न्हायतर सम्राटाची आई. तर हसली. खोकत खोकत हसली बग. आसल्या जागी हसायसारकं काय सापडलं तिला, द्येवाला ठावं.

बारिका : हसल्या?

गेतूल : हसली म्हंतोय की. आन् तू का खाली बसलीस? चक्कर आली?

बारिका : नाही. थांबा. मोडते मी.

गेतूल : आन हिकडं, मी मोडतो.

बारिका : नको. मीच मोडते. ही त्यांची. ही... ही माझी.

गेतूल : दोन्ही सारकीच हायत, त्यात काय बघतीस? घाल तोंडात. हां. गिळलास? आ कर. जीभ भाईर काढ.

बारिका : कशी आहे?

गेतूल : काय कशी हाय?

बारिका : जीभ. जीभ कशी आहे माझी?

गेतूल : जिभेसारकी जीभ हाय. कशी असनार? ऊठ, जा आत, उजव्या अंगाला पयलीच कोठडी. आन् आता रडतीस कशापायी? येवढ्याशा सुक्या तुकड्यानं कुनी असं रडतंय व्हय? किती दिसाची उपाशी हाईस गं तू?

बारिका : हिच्याआधी पोटात काही जाता कामा नये ना. सासूबाईंनीच सांगितलं होतं, उपाशी ये म्हणून.